साजाच्या टेकडीची मोजणी

८ जानेवारी १९५७

साखळी आत नेऊ दिली नाही! अकरा वर्षं मोजणी करतोय. चांद्याच्या जंगलात केली, वर्ध्याच्या चिखलात केली. साखळी अडवणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला.

सकाळच्या पॅसेंजरनं भोपाळहून मंडीदीप, तिथून बैलगाडीनं दोन तास झिरीखेडा. तीसेक घरं, सगळी गोंडांची. गावामागे टेकडी. मुलमुलेसाहेबांचा हुकूम साधा आहे. टेकडी मोजा, माथ्याचा नकाशा काढा, तिथे वेधशाळा व्हायची आहे. ताऱ्यांची नाही, पृथ्वीच्या चुंबकत्वाची. साहेबांना त्याचा अर्थ नीट ठाऊक नसावा. मला तर नाहीच.

माथ्यावर दाट झाडी. ती सुरू होते तिथे एक म्हातारा बसला होता. उठला नाही, नुसता हात आडवा केला. "जूते यहीं. ये लोहा भी यहीं." लोहा म्हणजे माझी साखळी! मजुराची कुऱ्हाड, माझा चाकू, सगळं बाहेर. मी म्हटलं, सरकारी काम आहे. म्हणाला, "तो करो न बाबूजी. कौन रोकता है? लोहा बाहर रखो."

फगनू परते त्याचं नाव. गावाचा भुमका आहे. भुमका म्हणजे पुजारी, पण गंध-जानवं काही नाही. गुडघ्यापर्यंत पंचा आणि अंगावर घोंगडी.

शेवटी दोरीला गाठी मारून मोजायला सुरुवात केली. कोन मोजायचा थिओडोलाइट पितळेचा म्हणून चालला. म्हाताऱ्यानं आधी त्यावर नख वाजवून पाहिलं!

९ जानेवारी

आत साजाची झाडं. आपल्याकडे ऐन म्हणतात तोच. मगरीच्या पाठीसारखी साल. एकसष्ट मोजली. सर्वांत जुन्या झाडाला तीन माणसांची कव पुरत नाही. त्यात त्यांचा बडा देव राहतो. मूर्ती नाही, शेंदूर नाही, घंटा नाही. बुंध्याभोवती दगड, मुठीएवढे, लिंबाएवढे. शेकड्यांनी! मी त्यातला एक पायानं सरकवणार होतो, तर भुमका खाली वाकला आणि माझा घोटा धरला. रागानं नाही. लहान मुलाला धरतात तसा.

गावातलं माणूस मेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावाचा दगड इथे आणून ठेवतात. "मिला देते हैं," म्हणाला. देवात आणि आधीच्या माणसांत मिळवून टाकायचं. तोवर ते माणूस उपरं, कुठलंच नाही. त्यानं एक दगड दाखवला. "ये मेरी घरवाली." शेजारी एक चपटा, "ये मेरे बाप." तिसरा अगदी बारका. त्याच्यावरचं वाळकं पान त्यानं उचललं.

दुपारी त्याची मुलगी पेज घेऊन आली. समोती. तिशीची असेल, विधवा. मलाही पानाच्या द्रोणात दिली. माझा कागद निरखून पाहिला आणि विचारलं, "इसमें क्या लिखोगे?"

मी म्हटलं, "जो है वही."

१० जानेवारी

घरी परत. सरकारी क्वार्टरच्या टिनाच्या छपराखाली हातपाय गारठले. कमलिनी म्हणते, नागपूरची थंडी निदान ओळखीची होती.

१५ जानेवारी

नकाशा पुरा झाला. माथ्यावर गोल काढून आत सुबक अक्षरांत लिहिलं होतं — देवस्थान. मुलमुलेसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बोकारे, हे काय?"

सांगितलं. दगडांचंही सांगितलं. ते ऐकत होते हे खरं. मग म्हणाले, "देऊळ आहे का? नाही. चौथरा? नाही. मग झाडं आणि दगड आहेत. झाडं आणि दगड कुठल्या टेकडीवर नसतात?" आणि खालच्या आवाजात, "देवस्थान लिहिलंत की फाइल कलेक्टराकडे जाईल. तिथे वर्ष. तोवर शास्त्रज्ञ दुसरं गाव बघतील. राजधानी होऊन अडीच महिने झालेत इथे. काहीतरी उभं राहायला नको?"

मग सहज विचारल्यासारखं, "तुमची ज्येष्ठता अजून लागायचीय ना?"

लागायचीय. नागपूरचे, ग्वाल्हेरचे, रीव्याचे, भोपाळचे, सगळे नोकर नव्या राज्याच्या एका यादीत कोंबायचे आहेत. कोण वर, कोण खाली, कोणाची बदली, कोण परत खालच्या हुद्द्यावर — सगळं साहेबांच्या शेऱ्यावर.

१७ जानेवारी

ब्लेडनं खरवडलं. शाई ट्रेसिंगच्या कागदात मुरलेली असते, घासून घासून कागद भुरका होतो. त्या जागी लिहिलं — झुडपी जंगल.

सोबत प्रमाणपत्र. "सदर जागेवर कोणतेही मंदिर, मशीद, स्मशान अथवा पूजास्थान नाही. प्रत्यक्ष पाहणी केली." खाली सही. गोपीनाथ बोकारे.

साहेबांनी चहा मागवला.

१८ जानेवारी

कमलिनीला सांगितलं नाही.

२२ मार्च

समोती दारात! सकाळी भाजी घ्यायला म्हणून कमलिनीनं दार उघडलं तर ही पायरीवर बसलेली. मंडीदीपपासून पहिल्या गाडीनं आली. ऑफिसाच्या चौकीदाराला माझं नाव विचारून टिनशेडपर्यंत पोचली. हातात नोटीस. गावात वाचणारं कुणी नाही आणि ओळखीचा कागदवाला माणूस मी एकटाच!

वाचून दाखवली. टेकडीचा माथा आणि उतार वेधशाळेसाठी सरकारनं घेतला आहे. कुंपण घालतील, झाडं काढतील, हरकत असेल तर साठ दिवसांत कळवा.

"झाडं काढतील" हे मी दोनदा वाचलं. तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं.

"आपने तो लिखा था न बाबूजी? वहाँ क्या है, आपने देखा था."

मी म्हटलं, अर्ज करू. मीच लिहून देतो.

कमलिनीनं तिला पोळी वाढली. ती खाताना छताकडे बघत होती. मग कमलिनीला म्हणाली, "टीन तो बहुत तपेगा, बाई." तिच्या देवाची झाडं जाणार आणि तिला आमच्या उन्हाळ्याची काळजी!

३१ मार्च

रविवार. झिरीखेड्याला जाऊन अर्ज लिहिला. अठ्ठावन्न अंगठे. काही बायकांचे अंगठे शेणानं, राखेनं इतके भेगाळलेले की ठसा उमटेचना, पुन्हा पुन्हा शाईत बुडवायचे. भुमक्यानं सर्वांत शेवटी लावला. लावून झाल्यावर बराच वेळ अंगठ्याकडेच पाहत होता.

अक्षर माझं ओळखू येऊ नये म्हणून डाव्या कलानं लिहिलं आहे. हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

१९ एप्रिल

डॉक्टर टेंबे आले. वेधशाळेचे मुख्य. मूळ पुण्याचे, बरीच वर्षं परदेशात काढलेली, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मला वाटलं होतं कुणीतरी गर्विष्ठ असेल. तसं नाही, आणि त्यामुळे जास्त अवघड झालं.

टेकडीवर मला बरोबर नेलं. वाटेत समजावत होते. सुई उत्तर दाखवते ती रोज, तासातासाला किंचित हलते. ते हलणं मोजायचं. त्यासाठी अशी जागा हवी जिथे आसपास लोखंड नाही, विजेची तार नाही. खिळासुद्धा नाही! इमारतीतही तांबं-पितळ वापरायचं. "इथला दगड वालुकाश्म, शांत. मी सात टेकड्या पाहिल्या बोकारे, इतकी शांत सुई कुठेच नाही मिळाली."

झाडीच्या कडेला भुमका बसलेलाच होता. हात आडवा. "लोहा बाहर."

टेंबे थबकले. मग हसायलाच लागले. कुचेष्टेनं नव्हे, आनंदानं! घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, पट्टा काढून कडेच्या गवतात ठेवला. "अहो, हा तर माझाच नियम सांगतोय!"

आत गेल्यावर हसू गेलं. दगड पाहिले. भुमक्यानं सगळं सांगितलं, घरवाली, बाप. मी भाषांतर करत होतो. करायची गरज नव्हती, टेंब्यांना हिंदी येते. मला काहीतरी करायला हवं होतं.

उतरताना म्हणाले, "प्रमाणपत्रात तर इथे काहीच नाही असं आहे. कुणी दिलं ते?"

"वरून आलं असेल," मी म्हटलं.

प्रमाणपत्रावर सही आहे. टेंब्यांनी ती वाचलेली नसावी. किंवा वाचली असेल.

तरी त्यांनी शब्द दिला. वेधशाळा पूर्वेला दोनशे यार्ड सरकवता येईल, झाडी तशीच राहू दे, उलट झाडीमुळे माणसांची नको ती ये-जा कमी राहील. तसं ते लिहिणार आहेत. भुमक्याला सांगितलं. त्यानं टेंब्यांना टेंभुर्णीची चार फळं दिली.

आज तीन महिन्यांनी झोप लागेल असं वाटतं.

६ मे

लागते झोप.

२४ जून

समोती पुन्हा. अर्जाचं उत्तर आलं आहे.

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

ती आमच्या मोरीजवळच्या स्टुलावर बसली, मी खाटेवर. कमलिनी तांदूळ निवडत होती. मी मोठ्यानं वाचायला लागलो. इंग्रजी मजकूर, मी तोंडानं हिंदी करत होतो. "आपकी अर्जी पर विचार किया गया." पुढे — "जागेची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष पाहणी करून असं प्रमाणित केलं आहे की तिथे कुठलंही पूजास्थान नाही. सबब हरकत फेटाळण्यात येते." आणि कंसात त्या अधिकाऱ्याचं नाव. टाइपलेलं. माझं.

मी नाव गाळलं.

समोतीनं विचारलं, "कौन है वो? जिसने लिखा?"

"कोई अफसर है."

"हमारे यहाँ तो कोई अफसर नहीं आया. आप ही आए थे."

मी कागदाची घडी घातली. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. खरंच विचार करत होती, कोण आला असेल बरं, आपण शेतात असताना. मग म्हणाली, "झूठा आदमी. उसके मरे को कहीं जगह न मिले." आणि लगेच जीभ चावली, असं बोलू नये म्हणून कानाला हात लावला.

ती गेल्यावर कमलिनीनं हात पुढे केला. "बघू कागद." ती मॅट्रिक आहे. वाचला. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

२५ जून

ती बोलत नाही. जेवायला वाढते.

२८ जून

आज बोलली. "तुम्ही खोटं लिहिलंत."

मी सगळं सांगितलं. साहेब, यादी, ज्येष्ठता. "परत खालच्या हुद्द्यावर टाकलं असतं तर? तुझं काय झालं असतं? आधीच तुला इथे टिनात आणून —"

"अहो, थांबा." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "घाबरलात ते तुम्ही. माझं नाव नका घेऊ त्यात."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

७ जुलै

टेंब्यांना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं. दोनशे यार्डांची सूचना त्यांनी केली होती. बांधकाम खात्यानं कळवलं की नकाशा मंजूर झाला आहे, आता बदल नाही, आणि जिथे प्रमाणपत्राप्रमाणे काहीच नाही तिथून हलायचं कारण काय? "हे माझ्या हातात राहिलं नाही," त्यांनी लिहिलं आहे. "ते प्रमाणपत्र खोटं ठरलं तरच काही होईल."

म्हणजे त्यांनी सही वाचली आहे.

१५ ऑगस्ट

सचिवालयात झेंडा. स्वातंत्र्याला दहा वर्षं. लाडू मिळाले. मुलमुलेसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "यादीत तुमचं बरं होईलसं दिसतंय, बोकारे."

लाडू घरी आणला. कमलिनीनं पायरीवरच्या शेळीला घातला.

१ सप्टेंबर

झिरीखेड्याला गेलो. नाला भरून वाहत होता, कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. ठरवून गेलो होतो, म्हणून मध्ये कुठे थांबलो नाही.

भुमका ओसरीत मक्याची कणसं सोलत होता. समोती आत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "वो अफसर मैं हूँ."

समोती बाहेर आली. मला वाटलं शिव्या देईल, हातातलं काहीतरी फेकून मारेल. ती दाराला टेकून उभी राहिली फक्त.

म्हातारा सोलतच होता. कणीस संपवलं, टोपलीत टाकलं. मग विचारलं, "लिखते बखत वो जगह याद थी आपको?"

"थी."

"मेरी घरवाली का पत्थर याद था?"

"था."

"तो फिर भूल नहीं है," म्हणाला. रागावून नव्हे. जमिनीचा निवाडा करताना पंच सांगतात तसं. मी काय म्हणणार होतो? चुकलो म्हणणार होतो. तो शब्दच त्यानं काढून घेतला.

परत निघालो तेव्हा समोती नाल्यापर्यंत आली. पाणी कुठून उथळ आहे ते हातानं दाखवलं.

३ सप्टेंबर

दिलं लिहून. "दि. १७ जानेवारीचे माझे प्रमाणपत्र खोटे आहे. सदर माथ्यावर गोंड लोकांचे पुरातन पूजास्थान व मृतांचे दगड आहेत, ते मी स्वतः पाहिले व जाणूनबुजून नकाशातून काढले." मूळ फील्ड-बुकातली पानं जोडली. कलेक्टरांना एक प्रत, एक मुलमुलेसाहेबांना.

साहेबांनी दार लावून घेतलं. "हे परत घ्या. मी पाहिलंच नाही असं समजतो." मी नाही म्हटलं. "बायकामाणसांसारखं काय मनाला लावून घेता! तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं."

लिहिलं असतं. पण मी लिहिलं.

घरी आल्यावर कमलिनीला सांगितलं तर तिनं नुसतं "बरं" म्हटलं, आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसला. माझ्या.

१२ सप्टेंबर

मेमो. खोटं प्रमाणपत्र दिल्याबद्दल! तेच प्रमाणपत्र त्यांना हवं होतं, पण कायद्यानं दोष माझाच आहे. त्यात काही चूक नाही. मोजणीतून काढलं, रेकॉर्ड खोलीत बसवलं. यादीत तेवीस जण वर गेले.

पण कलेक्टर कचेरीनं सुनावणीची तारीख दिली — ४ नोव्हेंबर! तोवर काम थांबवा असंही लिहितील, असं तिथला कारकून म्हणाला. समोतीला निरोप पाठवला.

९ ऑक्टोबर

'काम थांबवा'चा कागद अजून निघाला नाही. कलेक्टरसाहेब दौऱ्यावर.

१८ ऑक्टोबर

अजून नाही. कारकून म्हणतो, दिवाळीनंतर.

२४ ऑक्टोबर

समोती ऑफिसाच्या फाटकाशी. आत येऊ दिली नाही. "कल से काट रहे हैं."

कलेक्टर कचेरीत धावत गेलो. दिवाळीच्या सुट्टीवरून साहेब परतले नाहीत. बांधकाम खात्यात गेलो. तिथले म्हणाले, आमच्याकडे थांबवायचा कागद नाही. टेंब्यांना तार केली.

२७ ऑक्टोबर

रविवार. गेलो. जायलाच हवं होतं.

आवाज नाल्यापासूनच यायला लागला. झिरीखेड्याचा एकही माणूस कामावर गेला नाही, म्हणून ठेकेदारानं झाबुआकडून भिल्ल मजूर आणले आहेत. तेही आदिवासीच. प्रत्येक झाडाशी जातात, कुऱ्हाड खाली ठेवतात, बुंध्याला कपाळ टेकतात. काहीतरी पुटपुटतात. मग कुऱ्हाड उचलतात. ठेकेदार खेकसतो, "पूजा बाद में!" पण एकानंही कपाळ टेकल्याशिवाय घाव घातला नाही. मी मुद्दाम पाहिलं.

गावच्या बायका पायथ्याशी टेकडीकडे पाठ करून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला वाटतं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, बघायचं नाही.

भुमका एकटा वर. त्याच्या नेहमीच्या जागी, पण आता तिथे कड उरली नाही, सगळीकडेच आभाळ. मजुरांना तहान लागली तेव्हा त्यांच्यातला एक त्याच्याकडे आला, मान खाली. त्यानं आपला पाण्याचा भोपळा पुढे केला. पाणी दिलं! मजूर प्यायला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मजुराची भाषा त्याला येत नव्हती.

मोठं झाड शुक्रवारीच गेलं होतं. बुंध्याभोवतीचे दगड ठेकेदारानं पायासाठी भराव म्हणून खड्ड्यात टाकले आहेत. वर मुरूम.

दोरीला गाठी मारून मी जिथे मोजलं होतं, तिथे उभा राहिलो. काही केलं नाही. काय करणार?

४ नोव्हेंबर

सुनावणी झाली. समोती, भुमका आणि गावचे आठजण चौदा मैल चालत आले होते. कलेक्टरसाहेब समजूतदार. सगळं ऐकून घेतलं, माझा जबाबही. म्हणाले, "पण आता तिथे झाडं नाहीत, दगडही नाहीत. मग मी वाचवायला काय सांगू?"

पाच मिनिटांत निकाल.

बाहेर भुमक्यानं मला विचारलं, साहेब काय बोलले. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. एवढंच आता येतं मला.

२२ डिसेंबर

भुमका गेला. तीन दिवस झाले. ताप होता म्हणतात. ताप असेलही.

आज गेलो तेव्हा समोती अंगण सारवत होती. ओसरीच्या कोनाड्यात एक मडकं, त्यावर झाकण. मला बघून तिनं झाकण काढून दाखवलं. आत एक दगड. तांबूस, गुळगुळीत.

"मिलाएँ कहाँ?"

माझ्याकडे उत्तर नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, आणि मी उत्तर देईन म्हणून थांबली. मग झाकण ठेवलं.

गावातली आणखी दोन माणसं या पावसाळ्यात गेली. त्यांचेही दगड घरातच आहेत. तिन्ही घरांत कुणी लग्न ठरवत नाही, कुणी बी पेरायला तयार नाही. मेलेली माणसं अजून दारात उभी आहेत, असं म्हणतात.

१४ जानेवारी १९५८

संक्रांत. कमलिनीनं तिळगूळ केला. मला देताना "गोड बोला" म्हणाली नाही. हातावर ठेवला, आणि मग हात तसाच धरून बसली.

१ मार्च

टेंब्यांचं पत्र! तीनदा वाचलं. विजेची मोठी लाइन टेकडीच्या पायथ्याशेजारून जाणार हे नक्की झालं. सुई स्थिर राहणार नाही. वेधशाळा रद्द! कायमची. ती आता दूर दुसरीकडे होईल. कुंपण काढतील, खड्डे जसेच्या तसे. "मी सरकारला लिहिलं आहे की माथा गावाच्या वहिवाटीला परत द्यावा, आणि ते मान्य होईल अशी खात्री वाटते. झाडांबद्दल काय लिहू?"

भराव उकरला तर दगड मिळतील. सगळे नाही, पण मिळतील. भुमक्याला मिळवता येईल. जागा तर तीच आहे!

कमलिनी म्हणाली, "उद्याच जा. सांगून या."

पण टेंबेही 'खात्री वाटते' एवढंच लिहितात. हुकूम नाही. मागे दोनशे यार्डांचा शब्द नेऊन दिला, 'काम थांबवा' येतोय असा निरोप दिला — दोन्ही पोकळ. तिसऱ्यांदा तोंडी काही नेणार नाही. शिक्का घेऊनच जाईन. कागद हातात ठेवीन तिच्या.

२५ मार्च

निघाला हुकूम! माथा आणि उतार गावाला परत. मुलमुलेसाहेबांनी लिफाफा माझ्यापुढे टाकला. "तुमचंच प्रकरण. तुम्हीच नेऊन द्या. पोच घेऊन या."

२६ मार्च

झिरीखेड्यात कुणी नाही.

दारं नुसती ओढून घेतलेली. चुली फोडलेल्या, तिन्ही घरांतली मडकी नेलेली. नाल्यावर म्हशी पाजणारा गवळी भेटला. म्हणाला, नर्मदेपार गेले, जिथे पाहुणे साजाखाली जागा देतील तिथे. गाव विचारलं, त्याला ठाऊक नाही. "समोतीबाई तो रुकी थी बहुत दिन. कहती थी, बाबू कुछ खबर लाएगा. सब निकल गए, वो होली तक बैठी रही. होली के दूसरे दिन वो भी चली गई."

टेंब्यांचं पत्र होळीच्या आधी आलं होतं. मी शिक्क्याची वाट पाहत होतो.

पोच कोरी आहे.